लिनॅकचं मासिक आउटपुट मोजताना हवेच्या दाबाचा आकडा सांभाळा

लिनॅक म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांना किरणांचा डोस देणारं मशीन, आणि आउटपुट म्हणजे ठरलेल्या मांडणीत ते किती डोस देतं. त्याच्या 6 एमव्ही (मेगाव्होल्ट) एक्स-रे बीमचं आउटपुट रोजच्या तपासणीत ठरलेल्या आकड्याच्या 3 टक्क्यांच्या आत असलं की चालतं. महिन्यातून एकदा ते पाण्यात मोजायचं आणि तिथे मुभा 2 टक्क्यांचीच.

फॅन्टम, म्हणजे मोजणीची पाण्याची टाकी, आदल्या संध्याकाळीच भरून बंकरमध्ये (मशीनच्या खोलीत) ठेवा. नळाचं ताजं पाणी खोलीच्या तापमानाला यायला तास न् तास लागतात. सकाळी पातळी पुन्हा बघा, रात्रीत थोडं पाणी उडालेलं असतं. गॅन्ट्री (मशीनचा फिरणारा हात) 0 अंशावर, फील्ड 10×10 सेमी, एसएसडी (किरणांच्या उगमापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) 100 सेमी, आणि 0.6 सीसी फार्मर चेंबरचा (डोस मोजणाऱ्या, हवा भरलेल्या छोट्या नळीचा) मध्य 10 सेमी खोलीवर. एसएसडी दाखवणाऱ्या पॉइंटरचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवायचं असतं. पाणी त्याला चिकटून वर चढतं, म्हणून वरून अंदाज घेऊ नका. बाजूने, पाण्याच्या पातळीखालून बघा. टोक आणि त्याचं प्रतिबिंब भिडलं की तोच पृष्ठभाग. इथे 1 मिमी चुकलं तर डोस जवळपास अर्ध्या टक्क्याने हलतो.

आधी दोन-तीनशे एमयू (मॉनिटर युनिट, मशीनचं डोसाचं एकक) देऊन चेंबर स्थिरावू द्या, मग 100 एमयूची किमान तीन रिडिंग घ्या. ती एकाच दिशेने सरकत असतील तर थांबा, चेंबर अजून स्थिरावलेलं नाही.

खरा घोळ होतो तो दाबात. फार्मर चेंबर उघडं असतं, आतल्या हवेचं वस्तुमान दाबाबरोबर बदलतं आणि रिडिंगही. रिडिंगला ज्याने गुणायचं तो दुरुस्तीचा गुणक असा:

(273.2 + पाण्याचं तापमान) ÷ 293.2 × 101.325 ÷ दाब

हा दाब त्या खोलीतला, बॅरोमीटरवरचा, किलोपास्कलमध्ये. हवामानाच्या अ‍ॅपवरचा आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. मुंबईत त्याने फारसं बिघडत नाही. पुणं मात्र सुमारे 560 मीटर उंचीवर, तिथला खरा दाब 95 किलोपास्कलच्या आसपास. 24 अंशांना गुणक 1.081 यायला हवा, अ‍ॅपवरून 101.3 घातलं तर 1.014 येतो. मशीन 6 टक्के कमी देतंय असं दिसतं, कुणीतरी आउटपुट वाढवतं, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला साडेसहा टक्के जास्त डोस जातो. पेशंटला ते कळायला काहीच मार्ग नसतो.

म्हणून फरक 2 टक्क्यांपलीकडे गेला तरी लगेच आउटपुटला हात लावू नका. त्याच सकाळची रोजची तपासणी बघा. ती नेहमीसारखी असेल तर आधी संशय स्वतःच्या मांडणीवर घ्या. दुसऱ्या फिजिसिस्टला दुसऱ्या चेंबरने, नव्याने मांडून मोजायला सांगा. नोंदवहीत नुसता शेवटचा डोस नको. कच्ची रिडिंग, तापमान आणि दाबही लिहा, नाहीतर पुढच्या महिन्यात चूक शोधायला हाती काहीच उरत नाही.