हाय-एंड स्पीकर घेताय? आधी खोली मोजा

मित्रांनो, शोरूममध्ये पाऊल टाकायच्या आधी टेप घ्या आणि गाणी जिथे ऐकता ती खोली मोजा. आपल्याकडे फ्लॅटमधली खोली बहुतेक वेळा १० बाय १२, भिंती विटा-सिमेंटच्या, खाली टाइल्स, त्यामुळे खालचा बेस बाहेर जातच नाही, आतल्या आत फिरत राहतो. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या भिंती बराच बेस गिळतात, म्हणून तिकडचे रिव्ह्यू वाचून मोठे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) उचलले की इथे फसगत होते. १२ फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झ आणि १० फुटांत ५६ हर्ट्झचा आवाज, म्हणजे खालचा बेसच, फुगतो.

मी आधी टॉवरच आणले होते. विलंबितात तबलजी डग्ग्यावर मनगट दाबत पुढे सरकवतो ना, ती मींडच (एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणं) ऐकू यायची नाही, नुसतं घूंऽऽ. भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले तर बराच फरक पडला पण मग खोलीत चालायला जागा उरेना, शेवटी विकले आणि स्टँडवर ठेवायचे छोटे बुकशेल्फ स्पीकर घेतले, आता डग्गा सुटा ऐकू येतो आणि तानपुऱ्याचा खर्ज वेगळा.

दुसरं म्हणजे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक पॉवरवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो ते, डेसिबलमध्ये (डीबी). ३ डीबी कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट. केईएफ कंपनीचा एलएस५० मेटा स्पीकर कागदावर ८५ डीबी आहे आणि क्लिप्शचा हेरेसी ९९, म्हणजे जवळपास पंचवीसपट पॉवरचा फरक! शिवाय ८ ओहम (स्पीकरचा विद्युत रोध, तो कमी तेवढा अँपवर ताण जास्त) लिहिलेला स्पीकर काही फ्रिक्वेन्सीला ४ च्या खालीही जाऊ शकतो, तेव्हा अँप्लिफायरला तो झेपेल का हे आधीच विचारून घ्या, नाहीतर स्पीकरच्या मागोमाग अँपचाही खर्च.

डेमोला जाताना स्वतःच्या रोजच्या ऐकण्यातलं न्या, दुकानदाराचं चकचकीत रेकॉर्डिंग नको. दोन जोड्या तुलनेला लावल्या की मोबाईलच्या डीबी मीटरवर आवाज सारखा करून घ्या, कारण जरा मोठ्याने वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो आणि खरी चूक इथेच होते.

जुना नामांकित स्पीकर सेकंडहँड मिळत असेल तर जाळी काढून वूफरच्या (बेस वाजवणाऱ्या मोठ्या कोनच्या) कडेला हलकंसं बोट लावून बघा. फोमची कड मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन तुकडे पडायला लागते, रबराची कड बरीच टिकते.

आणि तुम्ही गादीवर मांडी घालून ऐकत असाल तर २४ इंची स्टँड घेऊ नका, ट्वीटर (वरचे बारीक सूर वाजवणारा छोटा भाग) डोक्यावरून जातो. बसून जमिनीपासून कानापर्यंत किती इंच ते मोजा, ट्वीटर तिथे यायला हवा, आणि स्पीकरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतची उंची त्यातून वजा करून उरेल त्या मापाचा स्टँड सुताराकडून करून घ्या.