मालवण-देवबागची दोन दिवसांची सहल: मराठवाड्यातून जाताना या चुका टाळा

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र लागत नाही. आपल्या ओळखीचे पाणी विहिरीचे, तळ्याचे, नाथसागराचे किंवा गोदावरीचे; ते एक तर जागेवर उभे असते किंवा एकाच दिशेने वाहते. समुद्राचे पाणी दिवसातून साधारण दोनदा चढते, दोनदा उतरते आणि त्याची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे शाळेत शिकलेले असले तरी सहल आखताना ते कुणाच्या ध्यानात येत नाही. मालवण, तारकर्ली आणि देवबाग या पट्ट्यात सुट्टीला जाणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना मी गेली काही वर्षे वेळापत्रक आखून देतो आहे. वाया गेलेल्या बहुतेक सहलींचे आणि काही जिवावरच्या प्रसंगांचे मूळ मला याच एका गोष्टीत सापडले आहे.

तिथी न पाहता तारीख ठरवणे

माझी स्वतःची पहिली सहल अशीच फसली. आम्ही परभणीहून निघालो आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवशी भर दुपारी देवबागच्या संगमावर पोहोचलो. छायाचित्रांत पाहिलेले पांढऱ्या वाळूचे बेट गाठायचे होते. होडीवाल्यांनी समोर बोट दाखवले, तेथे कमरेएवढ्या पाण्याखेरीज काहीच नव्हते. "बेट संध्याकाळी वर येईल," असे ते म्हणाले. आमची परतीची गाडी मात्र संध्याकाळचीच होती.

देवबाग ही एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी असलेली चिंचोळी पट्टी आहे. जेथे खाडी समुद्राला मिळते, तेथे नदीने आणलेली आणि लाटांनी परत लोटलेली वाळू साचून एक दांडा तयार झाला आहे. पर्यटक त्याला 'सुनामी आयलंड' म्हणतात. २००४ च्या सुनामीनंतर तो वर आला, असे तेथे सांगितले जाते. त्याला बेट म्हणत असले तरी तो ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला झाकला जातो, शिवाय प्रत्येक पावसाळ्यानंतर त्याचा आकारही थोडा बदललेला असतो.

कोकणातील मच्छीमार भरतीची वेळ काढण्यासाठी एक सोपा हिशेब वापरतात, आणि भिंतीवर दिनदर्शिका असलेल्या कोणत्याही घराला तो जमेल. शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि तेथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. पौर्णिमेच्या दुपारी आम्हांला बेट का दिसले नाही, हे या हिशेबात लगेच कळते. वेळेत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून मुक्कामाच्या घरमालकांना आदल्या रात्री विचारून खात्री करावी. आराखड्यासाठी मात्र हा हिशेब पुरेसा आहे.

वाळूच्या बेटासाठी तृतीया ते षष्ठी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. त्या दिवसांत ओहोटी सकाळी सव्वाआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते, ऊन अजून चढलेले नसते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाचा जोर पूर्ण ओसरलेला नसल्याने पाणीही चांगले खाली जाते. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण तेव्हा भांगाचे दिवस असतात. भरतीही लहान आणि ओहोटीही लहान, त्यामुळे वाळू कमी उघडी पडते आणि डोक्यावर ऊन तेवढे असते. बेटावर झाडाची सावली नाही आणि पिण्याचे पाणी सोबत नेलेलेच खरे, हे लहान मुले व वृद्ध माणसे बरोबर असतील तर आधीच लक्षात घ्यावे.

प्रवासाचा दिवस सहलीत मोजणे

छत्रपती संभाजीनगरहून किंवा नांदेडहून मालवण रस्त्याने सहाशे किलोमीटरहून दूर आहे, आणि शेवटचा टप्पा घाटाचा असतो. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी थेट स्कूबाच्या (हवेची टाकी लावून पाण्याखाली जाण्याच्या) बोटीत बसणारी मंडळी मी पाहिली आहेत. रात्रभर न झोपलेले, पुरेसे पाणी न प्यायलेले, घाटातील वळणांनी पोट ढवळलेले शरीर समुद्रात नेऊ नये. अशा माणसाला बोटीतच उलट्या सुरू होतात आणि पैसे भरूनही तो पाण्यात उतरत नाही. पहिला अर्धा दिवस सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी ठेवावा. कुरटे बेटावरील हा किल्ला १६६४ ते १६६७ या काळात बांधला गेला आणि मालवणच्या जेट्टीवरून होडीने थोड्याच वेळात गाठता येतो.

रेल्वेने जाणाऱ्यांची एक चूक हमखास होते. 'सिंधुदुर्ग' नावाचे स्थानक पाहून ते तेथले तिकीट काढतात. ते स्थानक ओरोसजवळ आहे आणि किल्ल्यापासून दूर आहे. मालवणला रेल्वे नाही. कुडाळला किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा करावी.

विहिरीतील पोहण्यावर विसंबणे

हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण येथे चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची संधी मिळत नाही.

आपल्याकडची बरीच मुले पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. काठावरून सूर मारणारा, एका दमात तळ गाठून येणारा तरुण समुद्रासमोर उभा राहिला की त्याला वाटते, येथे तर पाणी कमरेपर्यंतच आहे. विहिरीत बुडण्याचे कारण खोली असते; समुद्रात ते बहुधा ओढ असते. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद वाटेने एकवटते आणि त्या वाटेत उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू सरकवत त्याला आत घेऊन जाते. ही वाट ओळखण्याची खूण अशी, की दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस येत असतो आणि मधला पट्टा मात्र शांत, जरा गडद दिसतो. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका त्या शांत पट्ट्यात उतरतो, कारण त्याला लाटांची भीती वाटते आणि शांत पाणी ओळखीचे वाटते.

ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून जोर लावू नये. उत्तम पोहणाराही त्या प्रवाहाविरुद्ध काही मिनिटांत थकतो, आणि थकल्यावर घाबरतो. पाठीवर तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे, पोहत जावे. प्रवाहाची वाट बहुधा फार रुंद नसते. तिच्याबाहेर पडल्यावर लाटाच माणसाला किनाऱ्याकडे आणतात. काठावरच्या नातेवाइकांनी मागोमाग उडी घेऊ नये; रिकामा पाण्याचा कॅन, दोरी, लाइफ जॅकेट असे तरंगणारे काहीही फेकावे आणि जवळच्या होडीवाल्याला हाक मारावी. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. पोरे पाण्यात धावू लागली की मला ती बातमी आठवते.

देवबागच्या संगमावर याहून वेगळा धोका असतो. ओहोटी सुरू झाली की खाडीतले सारे पाणी त्या तोंडातून समुद्रात जाते, आणि त्याचा वेग काठावरून पाहणाऱ्याला कळत नाही. वाळूच्या बेटावरून बाजूच्या पात्रात पोहायला उतरणे म्हणूनच टाळावे. बेटावर उतरताना होडीवाल्याशी परतीची वेळ ठरवून घ्यावी, आणि पाणी वाळूच्या कडेवर चढू लागलेले दिसले तर ती वेळ होण्याआधीच त्याला बोलवावे.

स्कूबा करताना होणाऱ्या चुका

स्कूबाची वेळ बेटाच्या वेळेशी जुळत नाही, हे आधी समजून घ्यावे. बेट ओहोटीला दिसते. पाण्याखालचे मात्र भरती येत असताना अधिक चांगले दिसते, कारण भरतीचे पाणी बाहेरच्या समुद्रातून येते आणि ओहोटीचे पाणी खाडीतील गाळ घेऊन निघते. दोन्ही एकाच सकाळी उरकण्याचा हट्ट धरला तर एकाचा विरस ठरलेला. पावसाळा संपल्यानंतरचे पहिले काही आठवडे पाणी गढूळ असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक धरून खाली नेतात, त्यामुळे पोहण्यापेक्षा कान आणि नाक महत्त्वाचे ठरतात. खाली जाताना कानावर दाब येतो. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकली की तो सुटतो. दुखू लागण्याआधीच हे करावे आणि तरीही दुखले तर वर नेण्याची खूण करावी. येथे एक गोंधळ होतो: आपण 'छान' म्हणून अंगठा वर करतो, पण पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ 'मला वर न्या' असा असतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. सर्दी, दमा, फिट येणे, हृदयविकार किंवा गर्भावस्था असेल तर पाण्यात उतरू नये आणि अर्जात ते लपवू नये. मास्कमध्ये सारखे पाणी शिरत असेल तर बहुधा मिशी किंवा पट्ट्याखाली अडकलेले केस हे कारण असते. मिशीवर थोडे व्हॅसलीन लावल्यास मास्क नीट बसतो.

परतीच्या दिवशी सकाळी स्कूबा करून दुपारी निघण्याची पद्धत मला पटत नाही. श्वासातून शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो, म्हणून एका डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी किमान बारा तास थांबावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. पर्यटकांचे स्कूबा उथळ पाण्यात होत असल्याने धोका कमी असतो, तरी परतीच्या वाटेवरचा आंबोलीचा घाट सातशे मीटरच्या आसपास चढतो आणि विमानातल्याप्रमाणे तेथेही हवेचा दाब कमी होतो. मधे एक रात्र ठेवणे मुळीच अवघड नाही.

बोटीत लाइफ जॅकेट पायाशी ठेवून बसू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. जॅकेट कमी पडत असतील तर त्या बोटीत चढू नये, मग बरोबरची मंडळी कितीही घाई करोत.

प्रवाळाला दगड समजणे

प्रवाळ म्हणजे हजारो लहान प्राण्यांची वसाहत असते. त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न आणि रंग देते. पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. ते अतिशय सावकाश वाढते, त्यामुळे आपला एक पाय पडून तुटलेला भाग भरून यायला अनेक वर्षे लागतात. छायाचित्रासाठी त्यावर उभे राहणे, तुकडा खिशात घालणे, माशांना ब्रेड व बिस्कीट टाकणे हे तिन्ही प्रकार मी पाहिले आहेत आणि तिन्ही मला मनापासून खटकतात. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. २९.१२ चौरस किलोमीटरच्या त्या क्षेत्रात किल्ल्याभोवतीचे पाणीही येते, आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. उन्हासाठी अंगभर क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. काही क्रीममधील ऑक्सिबेन्झोन प्रवाळाला अपायकारक ठरते, म्हणून हवाई राज्याने २०२१ पासून अशा क्रीमच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

अडचण आल्यास

किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. तरीही चाक वाळूत रुतले तर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये, त्याने चाक आणखी खोल जाते. चाकापुढची वाळू हाताने काढावी, टायरमधील हवा बरीच कमी करावी, चाकाखाली गाडीतील मॅट घालावी आणि सावकाश बाहेर यावे; भरती चढत असेल तर गाडीचा विचार नंतर, आधी माणसे वर आणावीत. पायाला पाकटाचा (शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशाचा) काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते, त्यानंतर डॉक्टरांकडे जावे. मोबाइल खाऱ्या पाण्यात पडला तर तो बंद करून गोड्या पाण्याने हलकेच धुवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नये.

ऋतूविषयी एकच सांगतो: शाळांच्या सुट्ट्या जूनपर्यंत असल्या तरी मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि तेव्हापासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडीसेवा व जलक्रीडा बंद असतात. मे महिन्यात जायचेच असेल तर पहिल्या पंधरवड्यात जावे.

लक्षद्वीपला जाण्याआधी

मालवण पाहून आलेल्यांना पुढे लक्षद्वीप खुणावते. तेथील बेटे खरोखरच प्रवाळाच्या वाळूची आहेत आणि भोवतीचे पाणी कितीतरी नितळ असते, पण ते शनिवार-रविवारचे काम नव्हे. जहाज आणि विमान दोन्ही मुख्यतः कोचीहून सुटतात. जहाजाचा प्रवास रात्रभराचा असतो, विमान अगत्तीला उतरते. प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो. तिकीट आधी काढून परवान्याची वाट पाहत बसणे ही तेथली नेहमीची चूक आहे. बेटावरचे गोडे पाणी वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थराच्या रूपात असते आणि जास्त उपसा झाला की विहिरी खारट होतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या लातूर-बीडच्या माणसाला तेथे बादलीभर पाण्यात अंघोळ का करावी, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.