गाजर गवताशी झुंजणं सोडा, घास पेरा

बागायती रानात दरसाल खुरपणीवरच पैसा जातो? सोलापूरकडे जनावरं घरोघर आहेतच. मग तण दाबायला एका तुकड्यात तीन वर्षं लसूणघास हे चाऱ्याचं पीक ठेवा.

१. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एकरी १० किलो बी, ओळीत ३० सेंटिमीटर अंतर.
२. पहिली कापणी होईपर्यंत एक-दोन खुरपण्या कराच. इथं कंटाळा केलात तर पुढचं सगळं फसतं.
३. मग दर २५-३० दिवसांनी कापा. गाजर गवत, माठ बी धरण्याआधीच कापले जातात.
४. चौथ्या वर्षी मोडून ज्वारी घ्या.

हरळी, लव्हाळा मात्र यानं हटत नाही. बी प्रमाणितच घ्या. घासावर वाढणाऱ्या अमरवेल या परजीवी तणाचे पिवळे दोरे दिसले की तेवढा घास मुळापासून काढून जाळा.