आधी केसपेपर, मग वकील

मी ग्राहक आयोगात वकिली करते. हॉस्पिटलविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा डिस्चार्ज कार्ड आणि बिलंच असतात. तेवढ्यावर केस उभी राहत नाही. हवेत ते इनडोअर केसपेपर: राउंडचे शेरे, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, भुलीची नोंद, संमतीपत्र. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यायला हवेत, असं २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या विनियमांत आहे. तोंडी मागू नका. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख घ्या. शिक्का द्यायला कुरकुर केली तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा.

कागद आले की मी पहिल्यांदा रात्रीच्या सिस्टरची नोंद उघडते. समजा, तिथे लिहिलंय: ‘२.१० बीपी कमी, डॉक्टरांना फोनवर कळवले’. पुढची नोंद थेट ४.४५ ची. मधल्या अडीच तासांत कोण आलं, काय दिलं? केस असलीच तर तिथे असते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच चूक झाली असेल, असं नातेवाईक धरून चालतात. माझ्या मते ऑपरेशननंतरचं दुर्लक्ष जास्त नीट तपासावं.

पेशंट दगावला आणि शंका असेल तर अंत्यसंस्काराआधी पोलिसांकडे लेखी अर्ज देऊन शवविच्छेदन मागा. त्या घडीला हे सुचणं कठीण, म्हणून जवळच्या कुणीतरी हे बोलायला हवं. (वॉर्डात तोडफोड केलीत तर महाराष्ट्रात तो अजामीनपात्र गुन्हा आहे, मग तक्रारदाराचे तुम्हीच आरोपी.)

गुण आला नाही म्हणजे हलगर्जी झाली, असं नाही. त्या विषयातल्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते इथे झालं का, हे कोर्ट बघतं. म्हणून फाइल त्याच विषयाच्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवा आणि विचारा, “तुम्ही असता तर काय केलं असतं, किती वाजता?” लेखी अभिप्राय द्यायला बरेच जण कचरतात, वैद्यकीय महाविद्यालयांतल्या निवृत्त प्राध्यापकांकडे प्रयत्न करा. संमतीचा प्रश्न निराळा. फक्त तपासणीच्या दुर्बिणीला सही घेऊन गर्भाशय काढणं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये चुकीचं ठरवलं.

भरपाई हवी तर ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं. डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई हवी तर वैद्यकीय परिषद. फौजदारी शक्यतो नको: त्यासाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा दाखवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून पक्कं आहे. जिल्हा की राज्य आयोग, हे तुम्ही भरलेल्या बिलावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. सगळ्यांवरच मोफत उपचार करणारं सरकारी रुग्णालय मात्र यात येत नाही. तिथे दिवाणी दावा.

वकिलाला विचारा, वैद्यकीय प्रकरणं चालवली आहेत का, आणि फी लिहून घ्या. निकालाची खात्री देणारा असेल तर तिथून उठा. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.