वाडं बंद व्हायच्या आधी: शिमग्यातला गोठा

गोठा नव्यानं घातलेल्याला पहिला दणका थंडीत बसत नाही, शिमग्याच्या आसपास बसतो. वाळवा, पलूस, कराड भागात कारखाने चालू असेतोवर चाऱ्याची ददात नसते. तोडकऱ्यांकडून वाड्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या आणायच्या आणि गव्हाणीत टाकायच्या. मग पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचं गाळप संपतं, वाडं एकाएकी बंद होतं आणि नेमकं तेव्हाच दुपारचं ऊनही चढतं. दूध घटलं की सगळे उन्हावर ढकलतात. बहुतेक वेळा घोळ वैरणीचा असतो.

गाईच्या पोटातले जीवाणू ठरावीक वैरणीला सरावलेले असतात. नवी वैरण अंगवळणी पडायला त्यांना दहा-बारा दिवस लागतात. म्हणून वाडं मिळत असतानाच मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) किंवा हत्तीघास दोन-तीन किलोंपासून सुरू करा, दर दोन दिवसांनी थोडा वाढवा आणि तेवढं वाडं कमी करा. एरवीही वाडं हिरव्या चाऱ्याच्या निम्म्यावर नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरतं आणि ते शेणावाटे निघून जातं. अशी गाय व्याल्यावर बसून राहायची भीती असते. दुभत्या गाईला खनिज मिश्रण रोज किमान 50 ग्रॅम द्याच.

वैरण मानवली का, हे शेण सांगतं. पडल्यावर थापीसारखं दोन बोटं उंच राहिलं तर ठीक. पातळ पसरलं, वर बुडबुडे दिसले, तर हिरवं किंवा खुराक जास्त झाला. दाणे अख्खे दिसले तर भरडा नीट निघालेला नाही. दुपारी गाई बसल्या की मोजा: दहातल्या सहा-सात रवंथ करत असायला हव्यात. नसतील तर सुकं कमी पडतंय, आणि त्याचा दाखला दोन दिवसांत डेअरीच्या फॅटच्या पावतीवर येतो.

सुक्याची सोय याच दिवसांत होते. माण, खटाव, जत, आटपाडीकडचा शाळू (रब्बीची ज्वारी) निघालेला असतो. कडबा घेताना वरची पेंढी बघून सौदा करू नका. मधली ओढा, आत हात घाला. ओल लागली तर गंजीत बुरशी धरणार. गाईला रोज पाच किलो धरले तर महिन्याला दीडशे किलो झाले. कुट्टी साधारण एक इंचाची ठेवा. यंत्रातून पार भुगा काढला की गाय भराभर खाते खरी, पण रवंथ कमी करते.

खुराकाचा हिशेब सोपा आहे: शरीरासाठी दीड किलो, शिवाय दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. दहा लिटरच्या गाईला साडेपाच किलो, दोन धारांना वाटून.

पाण्याकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पिंप उन्हात असलं की पाणी कोमट होतं, गाय तोंड लावून मागं सरते. ते सावलीत घ्या. वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि दिवेलागणीनंतर टाका.

ऊन वाढलं की गोचीडही वाढतो. नवखे गाईच्या अंगावर औषध मारून मोकळे होतात. पण रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या सांध्यांत हजारो अंडी घालते. म्हणून भेगा फ्लेम गननं जाळा (वैरणीची गंजी लांब असेल तरच), सिमेंटनं बुजवा, चुना मारा. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. औषध मारल्यावर अंग सुकेपर्यंत गाईला मुसकं घाला, नाहीतर चाटते. ताप 104 च्या वर, खांद्यापुढची गाठ सुजलेली, डोळ्याचा आतला पडदा फिका, ही गोचिडातून होणाऱ्या थायलेरिया रोगाची खूण. संकरित गाईत तो खिल्लारपेक्षा जोरात जातो. उशीर न करता डॉक्टर बोलवा. सरकारी फिरत्या दवाखान्याचा नंबर 1962.

माज या दिवसांत मुका राहतो, दिवसा दिसतच नाही. रात्री नऊ-दहाला आणि पहाटे धारेआधी बॅटरी घेऊन शेपटीखाली बघा: काचेसारखा स्वच्छ, तुटत नसलेला सोट लोंबत असेल तर माज आहे. पहाटे दिसला तर संध्याकाळी गाय भरवा (रेतन करून घ्या), रात्री दिसला तर सकाळी. सोट पांढरट किंवा पुवाळलेला असेल तर भरवू नका, आधी गर्भपिशवीचा उपचार.