नागपूरहून माल्टा: छोटं बेट आहे म्हणून दोन दिवसांत उरकू नका

माल्टाचा विचार करून राहिले असाल तर विमानाच्या तिकिटाआधी हायपोजियमचं तिकीट बघा. पाओला गावात जमिनीखाली दगड कोरून केलेलं हे तीन मजली दफनस्थान आहे, पाच हजार वर्षांच्या वरचं, 1902 मध्ये घरांचं बांधकाम चालू असताना सापडलं आणि आत अंदाजे 7000 माणसांचे अवशेष होते असं मानतात. आतली हवा बिघडून छतावरची लाल गेरूची चित्रं खराब होऊ नयेत म्हणून एका वेळी 10 आणि दिवसभरात फक्त 80 लोकांना सोडतात, त्यामुळे ऑनलाइन तिकिटं कितीतरी आठवडे आधीच संपतात. म्हणून आधी इथली तारीख पकडा आणि बाकीचे दिवस तिच्या आजूबाजूला लावा. व्हिसा यायच्या आधी पैसे अडकवायचे नसतील तर आदल्या दिवशी राजधानी व्हॅलेटातल्या फोर्ट सेंट एल्मो किल्ल्यावर थोडी तिकिटं विकतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आणि हो, 6 वर्षांखालच्या लेकरांना आत नेता येत नाही.

आता किती दिवस? मुख्य बेट 246 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर शहरापेक्षा थोडंसंच मोठं. नकाशा पाहून सगळे म्हणतात दोन दिवसांत होऊन जाईल. नाही होत, रस्ते अरुंद, ट्रॅफिक भरपूर आणि बघायचं इतकं खच्चून भरलेलं आहे की घाई केली तर नुसत्या भिंती बघून परत याल. पाच दिवस ठेवा, सहा असतील तर उत्तम.

सीझन एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर. मे मध्ये इकडे पारा 45 कडे चाललेला असतो तेव्हा तिकडे दुपारी 23-24 असतं आणि शाळेला सुट्ट्या पण असतात. आपल्याला उन्हाची सवय आहे म्हणून जुलै-ऑगस्ट नका घेऊ, तिकडचा सगळा दगड फिक्कट पिवळा, ऊन डोळ्यात घुसतं आणि सावली कुठे नाही. व्हिसा शेंगेनचा लागतो, निघायच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो, कमीत कमी 15 दिवस आधी तरी करा, इन्शुरन्स 30,000 युरोचा काढावा लागतो. नागपूरहून सरळ फ्लाइट नाही, मुंबई किंवा दिल्लीहून आखात नाहीतर इस्तंबूल करत जावं लागतं.

फिरायला सुरुवात कुठून करायची? सगळे व्हॅलेटापासून करतात, मी म्हणेन आधी समोरच्या बिर्गूला जा. 1565 मध्ये ऑटोमन फौजेने वेढा घातला तेव्हा नाइट्स लोकांचं, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांचं, ठाणं इथंच होतं, जवळपास चार महिने ते इथं टिकून राहिले आणि त्यानंतर 1566 मध्ये पलीकडच्या उघड्या टेकडीवर व्हॅलेटाची पायाभरणी झाली. बिर्गूच्या गल्ल्या वाकड्यातिकड्या अन् व्हॅलेटाचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, हे त्याच क्रमाने पाहिलं की वेढ्यानंतर या लोकांनी काय विचार केला असेल ते आपोआप समजते. बिर्गूहून बोटीने खाडी ओलांडा, काठावरून लिफ्टने वर अप्पर बराक्का बागेत या, दुपारी 12 आणि 4 वाजता खाली तोफ उडवतात, वरून बघायला पैसे पडत नाहीत.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रलला अर्धा दिवस द्या, खरंच द्या. बाहेरून एकदम साधं, किल्ल्याची भिंत वाटावी असं, आत गेलं की प्रत्येक इंच सोनेरी. पण वर बघायच्या आधी पायाखाली बघा, जवळपास 400 नाइट्सच्या कबरी आहेत, रंगीत संगमरवर कापून सांगाडे, कवट्या, ढाली बसवलेल्या. बाजूच्या दालनात काराव्हाज्जोचं 1608 चं मोठं चित्र आहे, संत जॉनचा शिरच्छेद. मानेतून रक्ताचं थारोळं जमिनीवर आलंय ना, तिथं वाकून बघा, त्याच रक्तात चित्रकाराने आपलं नाव लिहिलंय, त्याने सही केलेलं हे एकच चित्र. टोकदार हील घालून सोडत नाहीत, खांदे झाकलेले हवेत, आणि रविवारी पर्यटकांसाठी बंद असतं.

म्दीना या तटबंदीतल्या जुन्या गावाला सकाळी जाऊ नका, टूरच्या बसेस तेव्हाच येतात. व्हॅलेटाहून 51, 52, 53 नंबरच्या बस जातात, चारच्या पुढे पोचा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. तटबंदीच्या आत 300 पेक्षाही कमी लोक राहतात, संध्याकाळी सगळं गाव तुमचंच. आई-बाबा सोबत असतील तर चांगल्या ग्रिपचे बूट घालायला सांगा, दगड झिजून गुळगुळीत झालेत.

खायचं टेन्शन घेऊ नका. पास्तिझी नावाचा खुसखुशीत प्रकार कोपऱ्याकोपऱ्यावर गरम मिळतो, आत रिकोटा चीज नाहीतर मटाराचं सारण, पण काही ठिकाणी पिठात प्राण्यांची चरबी घालतात, म्हणून पक्के शाकाहारी असाल तर विचारून घ्या. स्लीमा, सेंट ज्युलियन्सकडे भारतीय हॉटेलं आहेत. इंग्रजी सगळीकडे चालते, गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात.

बाजूच्या कोमिनो बेटावरचा ब्ल्यू लगून सुंदर आहे, गर्दी मात्र भयंकर, इतिहासासाठी आले असाल तर सोडलं तरी चालेल. गोझो बेट मात्र सोडू नका. चिर्केव्वा बंदराहून फेरीने 25 मिनिटं. तिथल्या शारा गावातलं जिगांतिया मंदिर इसवी सनापूर्वी 3600 च्या आसपासचं, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीचं, आणि व्हिक्टोरियातला चितादेल्ला किल्ला, जिथून 1551 च्या हल्ल्यात बेटावरच्या हजारो लोकांना गुलाम करून नेलं. दोन्ही एका दिवसात होतात, पण जमलं तर एक रात्र तिथंच काढा. फेरीचं तिकीट जाताना कोणी मागत नाही, येताना इम्जार बंदरावर दोन्ही बाजूचं एकदमच घेतात.