हिमोफिलियात सूज दिसायची वाट पाहू नका

गुडघा फुगला की मग धावपळ सुरू होते. हिमोफिलिया (रक्त गोठवणारं प्रथिन कमी असल्याने रक्त लवकर न थांबणारा जन्मजात आजार) असलेल्या मुलाच्या घरात होणारी सगळ्यात महागडी चूक हीच. सांध्यात रक्त उतरायला लागलं की आधी मुंग्या येतात, सांधा कोमट लागतो, आखडतो. लहानगं मूल त्या पायावर भार देणं सोडतं. फॅक्टर, म्हणजे शरीरात कमी असलेलं ते प्रथिन, द्यायची वेळ तीच, शक्यतो पहिल्या दोन तासांत. सूज दिसेपर्यंत आत रक्त साचलेलं असतं. त्या रक्तातलं लोह सांध्याच्या अस्तराला सूज आणतं, सुजलेल्या अस्तरातून पुन्हा सहज रक्त येतं, आणि तोच गुडघा वारंवार भरत राहतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून नंदुरबार गाठेपर्यंत हे दोन तास सहज निघून जातात. म्हणून घरच्या एकाने तरी उपचार केंद्रात शिरेतून फॅक्टर द्यायला शिकलंच पाहिजे.

भरलेला सांधा शेकू नका, तेल लावून चोळू नका. दोन्हींनी रक्तस्राव वाढतो. पाय उशीवर उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा.

गावात दुखण्यावर पहिली सुई पडते ती बहुतेक डायक्लोफेनॅकची. इथे ती दुहेरी घात करते: टोचलेल्या स्नायूत रक्ताची गाठ होते आणि औषधाने रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशींचं काम मंदावतं. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनही नकोच. पॅरासिटामॉल चालतं. लसी मात्र चुकवायच्या नाहीत. त्या बारीक सुईने, जमेल तिथे त्वचेखाली घ्याव्यात आणि नंतर पाच ते दहा मिनिटं न चोळता दाबून धरावं.

निदानही इथे वेगळ्याच वळणाने चुकतं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असल्याने सांधेदुखीचं मूल आलं की तीच तपासणी होते. त्या तपासणीत हिमोफिलिया दिसत नाही. पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या. प्लेटलेट आणि पीटी नॉर्मल, पण एपीटीटी वाढलेला, असा अहवाल आला तर फॅक्टर आठ आणि नऊची पातळी मोजायलाच हवी; हिमोफिलियात यांपैकी एक कमी असतो. सामान्य पातळीच्या एक टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र, १ ते ५ मध्यम, त्यावर सौम्य. घराण्यात कुणालाच नाही, हे कारण पुरेसं नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांत तसा इतिहासच नसतो.

डोसचा हिशेब घरच्यांनाही यावा. फॅक्टर आठचं एक युनिट दर किलोमागे पातळी साधारण दोन टक्क्यांनी वाढवतं, फॅक्टर नऊचं एका टक्क्याने. २० किलोच्या मुलाला ४० टक्के वाढ हवी असेल तर आठचे ४०० युनिट लागतात, नऊचे ८००. ४०० लागतात म्हणून ५०० ची कुपी फोडून उरलेलं फेकू नका. पूर्ण कुपी द्यायची का, हे डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा. पावडरीत द्रावण मिसळल्यावर कुपी जोरात हलवू नका, फेस येतो आणि प्रथिन बिघडतं. हळू गोल फिरवा, लेबलवरच्या मुदतीत हळूहळू द्या, आणि कुपीवरचा बॅच नंबर वहीत उतरवा.

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात वीज गेली की फ्रिजही तापतो. फॅक्टर २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो, पण गोठला तरी वाया जातो. बर्फाच्या डब्यातून नेताना कुपी कापडात गुंडाळा, बर्फाला थेट टेकू देऊ नका.

डोक्याला मार लागला तर आधी पूर्ण डोस, मग सीटी स्कॅन. मूल खेळतंय, बोलतंय म्हणून थांबायचं नाही. जांघेत दुखतंय, पाय सरळ होत नाही, हे अपेंडिक्ससारखं वाटलं तरी कमरेच्या आतल्या स्नायूतला रक्तस्राव असू शकतो. चीर देण्याआधी हिमोफिलिया आहे हे सांगा. लघवीत रक्त असेल तर ट्रॅनेक्सामिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवणारं औषध घेऊ नका, मूत्रमार्गात गुठळी अडकते. भरपूर पाणी प्या आणि डॉक्टरांना गाठा.

नेहमीच्या डोसने रक्त थांबेना झालं तर नुसता डोस वाढवत बसू नका, इनहिबिटरची, म्हणजे दिलेला फॅक्टर निकामी करणाऱ्या अँटिबॉडीची, तपासणी करा. एमिसिझुमॅब (फॅक्टर आठचं काम करणारं, त्वचेखाली घ्यायचं औषध) सुरू असेल तर एपीटीटी फसवा येतो, आणि मोठ्या रक्तस्रावात उपचार वेगळा लागतोच.

मुली, बहिणी दुर्लक्षित राहतात. हिमोफिलिया असलेल्या बापाची प्रत्येक मुलगी वाहक (सदोष जनुक पुढे नेणारी) असते आणि तिचीही फॅक्टर पातळी कमी असू शकते. पाळीत फार रक्त जात असेल तर ती पातळी तपासा. बाळंतपणाआधी डॉक्टरांना सांगून ठेवा, म्हणजे व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून बाळ ओढणं टाळता येतं. मुलगा झाला तर नाळेच्या रक्तातून फॅक्टर आठ तपासता येतो. अहवाल येईपर्यंत व्हिटॅमिन के सुईऐवजी तोंडाने देता येईल का, तेही डॉक्टरांना तेव्हाच विचारून ठेवा.